भीमबेटक्याचं शिंगवालं डुक्कर आणि हरवलेलं जंगल

भोपाळहून होशंगाबादच्या रस्त्याला लागलं की साधारण ४५ किलोमीटरवर उजव्या हाताला भीमबेटक्याचा फाटा येतो. आपल्या मंडळींपैकी बहुतेक जण तिथे एकदा तरी जाऊन आले असतील. इंदूर-उज्जैनच्या मराठी घरांत पाहुणे आले की सांची, भोजपूर आणि भीमबेटका अशी एक ठरलेली फेरी असते. पायवाटेने शैलाश्रय बघत बघत माणूस पुढे जातो आणि शेवटी शेवटी, पाय दुखायला लागले की, एका छत्रीसारख्या खडकापाशी येऊन थांबतो. हा शैलाश्रय क्रमांक १५. त्याला सगळे 'बोअर रॉक' म्हणतात. बहुतेक जण इथे एक फोटो काढतात आणि परत फिरतात. मला मात्र हे एकच चित्र गेली काही वर्षं सोडत नाही. आजचा निबंध त्याच्यावर आहे.

चित्रात काय आहे ते आधी सरळ सांगतो. पुढे आलेल्या खडकावर, बघणाऱ्याच्या डोक्याच्या वर, गडद तांबड्या रंगात एक प्रचंड जनावर काढलेलं आहे. अंग अवजड, तोंड रानडुकराचं. पण डोक्यावर बैलासारखी शिंगं. त्याच्या पुढे एक माणूस पळतोय. माणूस इतका छोटा की आधी जनावरच दिसतं, माणूस शोधावा लागतो. जवळच खेकड्यासारखी एक आकृती आहे. बस्, एवढंच. ना कुठे झाड, ना डोंगर, ना जमिनीची रेघ.

शिंगं असलेलं डुक्कर निसर्गात नाही. म्हणजे काढणाऱ्याने बघितलेलं जसंच्या तसं काढलं नाही. भीमबेटक्यातले बाकीचे चितळ, सांबर, गवे बघा. शिंगांच्या फाट्यांवरून आजचा वनरक्षकसुद्धा जात ओळखून देईल. ज्यांचा हात इतका बिनचूक होता, त्या लोकांपैकी कोणीतरी इथे मुद्दाम न दिसणारी गोष्ट काढली. म्हणून हे चित्र प्रतीक आहे असं म्हणायला जागा आहे. प्रश्न असा की, कशाचं प्रतीक?

आधी हरिभाऊंबद्दल

भीमबेटक्याचं नाव घेतलं की डॉ. विष्णु श्रीधर वाकणकरांचं नाव यायलाच हवं. आपल्या माळव्यातल्या मराठी माणसांना ते 'हरिभाऊ'. जन्म ४ मे १९१९, नीमचचा. कर्मभूमी उज्जैन. मुळात चित्रकार, पुढे पुरातत्त्वज्ञ. उज्जैनला 'भारती कला भवन' त्यांनीच काढलं. कायथ्याचं उत्खनन त्यांचं, आणि शैलचित्रांवर पुणे विद्यापीठाची पीएच.डी.सुद्धा त्यांनी केली. १९७५ साली पद्मश्री मिळाली. ३ एप्रिल १९८८ ला ते सिंगापूरला वारले.

या खडकांचा उल्लेख त्यांच्या आधी झालाच नव्हता असं नाही. १८८८ साली किंकेड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने स्थानिक लोकांच्या सांगण्यावरून भीमबेटक्याची नोंद केली होती, पण ती बौद्ध अवशेष म्हणून. चित्रांचं महत्त्व ओळखलं ते हरिभाऊंनी, १९५७ च्या सुमारास. ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे: भोपाळच्या बाजूला रेल्वेने जाताना खिडकीतून डोंगरमाथ्यावरचे खडक दिसले, उत्सुकता वाटली, उतरून चालत गेले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टाकलेला तो रेल्वेमार्ग हे जंगल चिरतच जातो. या रुळांकडे आपण निबंधाच्या शेवटी परत येणार आहोत, तेव्हा एवढं लक्षात ठेवा.

पुढे १९७० च्या दशकात हरिभाऊंनी आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या प्रा. वि. ना. मिश्रांनी इथे उत्खननं केली. यशोधर मठपाल या चित्रकार-अभ्यासकाने डेक्कन कॉलेजमध्ये राहून इथल्या चित्रांची बारकाईने मोजदाद केली आणि नकला काढल्या. त्यांनी नोंदलेल्या आकृत्या सहा हजारांच्या वर आहेत. सगळा परिसर धरला तर शैलाश्रय सातशेहून अधिक आणि त्यातले चित्रं असलेले चारशेच्या पुढे. २००३ साली युनेस्कोने जागतिक वारशात नाव घातलं.

आता यातली एक गोष्ट मला विशेष वाटते. इथल्या चित्रांकडे सगळ्यात जास्त लक्ष दिलं ते दोघेही, हरिभाऊ आणि मठपाल, मुळात चित्रकार होते. मोजमाप आणि हात, दोन्ही त्यांच्याकडे होतं. मी इंजिनिअर. ड्रॉइंग म्हटलं की आधी स्केल कुठे लिहिलंय ते बघायची सवय. या डुकराच्या चित्रात मला पहिल्यांदा खटकलं ते तेच, स्केल. पण त्याआधी भिंत कशी वाचायची ते बघू.

भिंत म्हणजे थरांची वही

शैलाश्रय क्रमांक ४ ला 'झू रॉक' म्हणतात. एकाच खडकावर साडेचारशेच्या आसपास आकृत्या, त्यात अडीचशेवर जनावरं, १६ जातींची. हत्ती, सांबर, गवा, हरणं, सगळी एकमेकांवर काढलेली. नवीन माणूस आला की त्याला आधीचं पुसावंसं वाटत नव्हतं, त्याच्यावरच तो काढत गेला. त्यामुळे कुठलं चित्र खाली आणि कुठलं वर हे बघून आधी-नंतरचा क्रम लावता येतो. हरिभाऊंनी शैली आणि काळ यांची जी मांडणी केली तिचा पाया हाच थरांचा अभ्यास.

रंगांत भानगड नाही. तांबडा म्हणजे गेरू, लोहाचं ऑक्साइड. पांढरा म्हणजे पांढऱ्या मातीचा किंवा चुनखडीचा. हे खनिज रंग वालुकाश्मात जिरतात, आणि खडकाच्या पुढे आलेल्या छपरामुळे पावसाचा मारा थेट बसत नाही. म्हणून ते टिकले. बहुतेक अभ्यासक इथली जुनी चित्रं मध्याश्मयुगातली, म्हणजे सुमारे दहा हजार वर्षांच्या आसपासची आणि त्यानंतरची मानतात. हरिभाऊ काही हिरव्या आकृत्या याहूनही जुन्या मानत. तो वाद अजून आहे, त्यात मी पडत नाही.

आपल्या कामाची गोष्ट ही की, खालच्या थरांत आणि वरच्या थरांत विषय बदलतो. जुन्या चित्रांत जनावर मोठं, भरलेलं, अंगाच्या आत रेषांची नक्षी. काही ठिकाणी तर गाभण मादीच्या पोटातलं पिलूसुद्धा काढलंय. माणसं काडीसारखी, भाले-धनुष्य घेतलेली, नाचणारी. नंतरच्या थरांत वशिंडाचे बैल येतात, म्हणजे शेतीवाल्या लोकांशी संबंध आला. त्याच्याही वर, ऐतिहासिक काळात, घोडेस्वार येतात. ढाल-तलवारी, मिरवणुका, लढाया. हत्ती तेव्हाही दिसतो, पण आता त्याच्या पाठीवर माणूस बसलेला असतो.

एवढ्या एका ओळीत हजारो वर्षांचा इतिहास आहे. आधी हत्ती जंगलात उभा आहे, मग हत्तीवर माणूस बसलेला आहे, आणि मग जंगलात हत्तीच नाही.

वराह अवतार आहे का?

आपल्या एका बैठकीत मंडळातल्या ज्येष्ठ काकांनी ठामपणे सांगितलं होतं की हे चित्र म्हणजे वराह अवताराचं मूळ. मी तेव्हा काही बोललो नाही, काकांचा अभ्यास मोठा आहे. पण विचार करत राहिलो. माझं मत वेगळं आहे, ते इथे आदराने मांडतो.

विदिशेजवळ उदयगिरीला, गुप्तकाळात, पाचव्या शतकाच्या सुमारास कोरलेला वराह आपण बघितलाय. शरीर माणसाचं, तोंड डुकराचं, आणि दाताला धरून वर काढलेली पृथ्वी. तो वराह तारणारा आहे. भीमबेटक्याचं डुक्कर कोणाला तारत नाही, ते माणसाच्या मागे लागलंय. त्याला हात नाहीत, आयुधं नाहीत, दाताला पृथ्वी नाही. दोन्ही जागा फार लांब नाहीत आणि दोन्हीकडे डुक्कर भव्य आहे, एवढ्यावरून नातं जोडायचं म्हटलं तर मधल्या हजारो वर्षांत एक तरी पायरी दाखवता यायला हवी. ती मला दिसत नाही. विंध्यातल्या लोकांच्या मनात रानडुकराचा दरारा फार जुना होता, एवढं म्हणता येईल. त्यापुढे नाही.

इथे एक ताजी घटना सांगण्यासारखी आहे, कारण ती आपल्यासारख्या हौशी लोकांनी गाठ बांधून ठेवावी अशी आहे. २०२१ साली भीमबेटक्याच्याच 'सभागृह' गुहेच्या छतावर डिकिन्सोनिया या पन्नास कोटी वर्षांहून जुन्या जीवाचा जीवाश्म सापडल्याची बातमी जगभर गाजली. शोध लावणारे नामवंत भूशास्त्रज्ञ, नियतकालिक प्रतिष्ठित. दोनच वर्षांत दुसऱ्या शास्त्रज्ञांनी जाऊन बघितलं तर तो जीवाश्म नव्हताच. आग्या मोहोळाच्या पोळ्याचा खडकाला चिकटून राहिलेला अवशेष होता. मूळ शोधकर्त्याने चूक मान्यही केली. तज्ज्ञांची ही गत, तर आपण खडकावर अवतार बघताना जरा दमानं घ्यावं हे बरं.

मग चित्र कशाचं? माझ्याकडे पुरावा आहे तो फक्त स्केलचा. भीमबेटक्यात शिकारीची चित्रं पुष्कळ आहेत. त्यात जनावर मोठं असलं तरी माणसं अनेक असतात, हत्यारं असतात, जनावर घेरलेलं असतं. या चित्रात ते सगळं उलटं केलंय. जनावर कितीतरी पट मोठं आणि पळणारा माणूस आहे. त्याला खऱ्या दोन जनावरांतली जोखीम एकत्र दिलीय: डुकराचं तोंड आणि बैलाची शिंगं. जंगलात चालणाऱ्या माणसाला विचारा, अंगावर धावून येण्यात वाघापेक्षा रानडुक्कर आणि गवा यांची भीती जास्त वाटते. त्या दोघांना जोडून एक जनावर केलं तर ते 'जंगलातला धोका' असंच म्हणायला हवं.

म्हणजे हे देवाचं चित्र असो वा कथेतल्या राक्षसाचं, काढणाऱ्याच्या मनात एक प्रमाण पक्कं होतं. जंगल मोठं, माणूस लहान. माझ्या मते हेच या चित्राचं म्हणणं आहे. आणि आज ते बघताना आपल्याला कसंतरी होतं, कारण ते प्रमाण आता राहिलेलं नाही.

चित्र हाच पुरावा

भिंतीवर काढलेली जनावरं खरोखर या भागात होती का, की दुसरीकडे बघून आलेल्याने काढली? हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायला सुरुवात झाली ती दीडशे वर्षांपूर्वी, भीमबेटक्यात नव्हे तर मिर्झापूरकडे.

१८८३ साली जॉन कॉकबर्न याने बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात एक लेख लिहिला. मिर्झापूरच्या एका गुहेत त्याला गेंड्याच्या शिकारीचं चित्र मिळालं होतं. भाले घेतलेली माणसं आणि मधे गेंडा. त्याच्या दोन वर्षं आधी त्यालाच केन नदीच्या खोऱ्यात गेंड्याची अश्मीभूत हाडं मिळाली होती. त्याने दोन्ही एकत्र ठेवून म्हटलं की गेंडा या मुलखात होता, आणि माणसाने तो पाहिला होता. माझ्या माहितीत आपल्या देशात शैलचित्राचा उपयोग हरवलेल्या प्राण्याचा पुरावा म्हणून करणारा हा फार जुना लेख आहे. आज गेंडा बघायचा तर आसाम, उत्तर बंगाल, नाही तर नेपाळच्या तराईत जावं लागतं. विंध्यात गेंडा म्हटलं तर लोक हसतील. पण भीमबेटक्याच्या भिंतींवरही गेंडा आहे.

गुजरातेतलं उदाहरण तर आणखी बोलकं. बडोद्याच्या आपल्या मित्रांना लांघणज ठाऊक असेल, मेहसाणा जिल्ह्यातलं. डॉ. ह. धी. सांकलियांनी तिथे उत्खनन केलं. मध्याश्मयुगीन लोकांच्या वस्तीत गेंड्याच्या खांद्याचं हाड मिळालं, आणि त्यावर दगडी हत्यारं घडवताना पडलेल्या घावांच्या खुणा होत्या. म्हणजे सुताराचा ठोकळा असतो तसं ते हाड वापरलेलं. गेंडा केवळ दिसत नव्हता, घरातल्या वापरात होता. ज्या भागात आज पाण्याची मारामार आहे, तिथे गेंड्याला लागणारं दलदलीचं गवत होतं, हेही त्यातून कळतं.

दुसरा हरवलेला प्राणी शहामृग. चकित व्हायला होतं, पण भारतात शहामृग होता. भीमबेटक्यात उत्तर पुराश्मयुगातल्या एका पुरलेल्या माणसाच्या गळ्याजवळ शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले. महाराष्ट्रातला दुवा पाहिजे असेल तर जळगाव जिल्ह्यातलं, चाळीसगाव तालुक्यातलं पाटणे. तिथे श. अ. साळी यांना अशाच कवचाचे मणी आणि नक्षी कोरलेला तुकडा मिळाला. हे कवच खरंच शहामृगाचं का, याबद्दल शंका घेतल्या जायच्या. २०१७ साली हैदराबादच्या सीसीएमबीतल्या शास्त्रज्ञांनी राजस्थान-मध्य प्रदेशातल्या जुन्या कवचांतून डीएनए काढून त्याचं नातं आफ्रिकेतल्या शहामृगाशी असल्याचं दाखवलं. पंचवीस-तीस हजार वर्षांपूर्वीच्या कोणाच्या तरी गळ्यातली माळ, एवढाच आज आपल्या शहामृगाचा पुरावा.

तिसरा हत्ती. इथे तर कागदच बोलतो, कारण तो फार जुना काळ नाही. अकबराच्या काळात, सोळाव्या शतकाच्या शेवटी, अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त रानटी हत्ती कुठे कुठे मिळतात त्याची यादी दिलीय. माळवा सुभ्यातली नावं वाचा: हंडिया, उंचोद, चंदेरी, सातवास, बिजागढ, रायसेन, होशंगाबाद. पुन्हा वाचा, रायसेन! भीमबेटका आज रायसेन जिल्ह्यातच येतं. सातवास आणि बिजागढ पुढे होळकरांच्या राज्यात आले. हंडिया म्हणजे नर्मदेचा तो उतार, जिथून मराठी फौजा माळव्यात येत. अकबर स्वतः १५६४ साली मांडूकडे येताना नरवरच्या जंगलात हत्ती पकडायला थांबला होता. नरवर पुढे शिंद्यांचं. म्हणजे आपले पूर्वज या मुलखात आले त्याच्या दीडशे-पावणेदोनशे वर्षं आधीपर्यंत हत्तींचे कळप इथे फिरत होते.

१८६० च्या दशकात कॅप्टन जेम्स फोर्साइथ सातपुड्यात फिरला. त्याचं पुस्तक १८७१ ला आलं. त्यात रानटी हत्ती आणि अरणे रेडे भेटतात ते दूर पूर्वेला, सालवनांच्या बाजूला. माळव्यात नाहीत. अकबर ते फोर्साइथ, तीनशे वर्षं. या तीनशे वर्षांत आपलाही काळ येतो. ते सोयीस्करपणे वगळून चालणार नाही.

कोणी नेलं हे सगळं?

कारणांची यादी करणं सोपं आहे, वाटणी करणं अवघड. गेंडा आणि शहामृग गेले त्यात हवामान बदलाचा हात असणारच. पाऊस बदलला, गवताळ प्रदेश बदलले. त्याचा दोष गेरूने चित्रं काढणाऱ्या शिकाऱ्यांवर टाकणं अन्यायाचं होईल. भाले आणि सूक्ष्म हत्यारं घेतलेल्या मूठभर लोकांनी हजारो वर्षं या जनावरांबरोबर काढली.

हत्तीचं तसं नाही. हत्ती मारला गेला त्यापेक्षा पकडला गेला. मोगलांना हत्ती हवे, सुलतानांना हवे, राजपुतांना हवे, आणि मराठी सरदारांनाही दारात हत्ती हवाच होता. आपल्या बखरी आणि पत्रांत नजराण्यात, लुटीत, खंडणीत हत्ती किती वेळा येतो ते आठवा. माणसाळलेला हत्ती ठाणावर सहसा वितो असं नाही, म्हणून प्रत्येक पिढीला हत्ती पुन्हा जंगलातूनच आणावा लागतो. त्यात नर्मदेकाठची काळी जमीन नांगराखाली आली. मग रेल्वे आली, साग स्लीपरांसाठी आणि इमारतींसाठी गेला. मग बंदूक आली आणि संस्थानिकांच्या, साहेबांच्या शिकारी आल्या. चित्त्याचं शेवटचं पान तर आपल्याला तोंडपाठ आहे. १९४७ साली कोरियाच्या महाराजांनी शेवटचे तीन मारले, आणि १९५२ ला सरकारने तो नामशेष झाल्याचं जाहीर केलं.

एक खबरदारी मात्र सांगायला हवी. भिंतीवर नाही म्हणजे जंगलात नव्हतं, असं होत नाही. काढणाऱ्याची आवड असते, श्रद्धा असते. आणि चित्रांवरून संख्या तर मुळीच काढता येत नाही. चितळ पुष्कळ वेळा काढलाय म्हणून चितळ तितक्या पटीने जास्त होते असं म्हणणं म्हणजे आपल्या घरांतल्या तसबिरी मोजून गावात गणपती किती ते सांगण्यासारखं आहे. भिंत जनगणना नाही. ती फक्त साक्षीदार आहे: 'मी हे जनावर पाहिलं' एवढंच सांगणारी. पण तेवढंही पुरेसं आहे.

राहिलं कोण?

आता गंमत बघा. गंमत म्हणतोय, पण हसण्यासारखी नाही. भीमबेटक्याच्या भिंतीवरचा गेंडा गेला. शहामृग तर चित्रांच्याही आधी गेला. रानटी हत्ती या भागातून गेला. छत्तीसगडच्या बाजूने काही कळप २०१८ पासून बांधवगडला येऊन राहिले, आणि २०२४ च्या ऑक्टोबरात त्यातले दहा हत्ती कोदो खाऊन मेले ही बातमी आपण वाचली. अरणी म्हैस मध्य प्रदेशातून गेली. बारशिंगा कान्ह्यात १९७० च्या सुमारास ६६ वर आला होता, तो माणसांच्या मेहनतीने वाचला.

आणि रानडुक्कर? रानडुक्कर आहे. भरपूर आहे. नर्मदेच्या दोन्ही तीरांवरच्या शेतकऱ्याला विचारा, हरभरा आणि मका कोण उकरतं ते. ज्या जनावराला दहा हजार वर्षांपूर्वी कोणी शिंगं लावून भीतीचं रूप दिलं, तेच आज रात्री शेतकऱ्याला झोपू देत नाही. फरक एवढाच की तेव्हा ते जंगलाचं प्रतीक होतं, आज ते जंगल आखडल्याची खूण आहे. त्याला खाणारा वाघ कमी झाला आणि त्याचं जंगल शेताला येऊन भिडलं.

एकाच नावाच्या दोन पाट्या

भीमबेटका रातापाणीच्या जंगलात आहे. १९७६ पासून ते अभयारण्य होतं. डिसेंबर २०२४ मध्ये त्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला, मध्य प्रदेशातला आठवा. गाभा क्षेत्र ७६३ चौरस किलोमीटरच्या वर, बफर ५०७ च्या वर. आणि त्याच महिन्यात त्याला नाव दिलं गेलं ते डॉ. विष्णु वाकणकरांचं. एका पुरातत्त्वज्ञाचं, चित्रकाराचं नाव वाघांच्या जंगलाला. आपल्या हरिभाऊंचं! बातमी आली त्या दिवशी आपल्या मंडळात पेढे वाटले गेले, ते योग्यच झालं.

पण अभिमान झाला की काम संपत नाही. हरिभाऊंनी ज्या रेल्वेतून हे खडक पाहिले, त्याच मार्गावर बरखेडा ते बुधनी या घाटात गाडीखाली वाघ मेल्याच्या घटना वारंवार झाल्या आहेत. जुलै २०२४ मध्ये मिडघाटाजवळ वाघाचे तीन बछडे गाडीखाली सापडले. एक तिथेच गेला, दोन जखमी झाले आणि तेही वाचले नाहीत. व्याघ्र प्रकल्पाची घोषणा त्यानंतर पाच महिन्यांनी झाली. एकाच रुळाने आपल्याला भीमबेटका दिलं आणि तोच रूळ भीमबेटक्याचं जंगल खातोय. यात कोणा एका खात्याला शिव्या देऊन उपयोग नाही. गाड्या आपल्यालाही हव्याच आहेत, मीही त्याच मार्गाने नागपूरला जातो. पण वेग कुठे कमी करायचा, कुंपण कुठे आणि जनावरांसाठी वाट कुठे, हे तांत्रिक प्रश्न आहेत आणि त्यांना तांत्रिक उत्तरं आहेत. प्रश्न फक्त कोणी लावून धरण्याचा आहे.

आपण वारसा म्हटला की एका खात्याकडे बघतो, वन्यजीव म्हटले की दुसऱ्या. चित्रांना साखळ्या लावल्या, हात लावू नका म्हणून पाट्या लावल्या. बरं केलं. पण चित्रातल्या जनावरांसाठी तेवढा हळवेपणा आपल्या वारसाप्रेमात नसतो. गेरूचा एक ओरखडा गेला तर आपण पत्र लिहितो. बछडा गेला तर ती 'वनखात्याची बातमी' होते. भिंतीवरचा वाघ आणि रुळावरचा वाघ एकाच जंगलाचे आहेत, हे इतिहास मंडळाने म्हणायचं नाही तर कोणी म्हणायचं?

म्हणून दोन सूचना करतो. पहिली: आपल्यातल्या ज्यांच्या घरी होळकर, पवार किंवा शिंदे यांच्या दरबाराशी संबंधित मोडी कागद आहेत, त्यांनी त्यात हत्तींची खरेदी-पकड, शिकारखाना, चिते, रमणे, जंगलाचे मक्ते यांचे उल्लेख वेगळे काढून ठेवावेत. आजवर आपण ते कागद लढाया आणि वतनांसाठी वाचले. त्याच कागदांत माळव्याचं जंगल कसं आटलं याचा हिशोब असणार. अबुल फजल ते फोर्साइथ या मधल्या तीनशे वर्षांची पोकळी भरायची असेल तर ती आपल्याच घरातल्या दप्तरांनी भरेल, बाहेरचा कोणी येऊन भरणार नाही.

दुसरी: यंदाची सहल भीमबेटक्याला काढू, पण खडक क्रमांक एकपासून सुरू न करता पंधरापासून सुरू करू. पाय ताजे असताना त्या डुकरासमोर उभं राहू आणि आधी जनावर न बघता माणूस शोधू. तो खाली आहे, लहान आहे, पळतोय. बरोबर मुलं आणली तर त्यांना एवढंच विचारावं की, ज्याने हे काढलं त्याला जंगल केवढं वाटलं असेल? मग वरच्या पठारावरून रातापाणीकडे आणि खाली रुळांकडे बघावं. बाकीचं त्यांचं त्यांना कळेल.